चुलीपुढची वर्षं मोजायला हवीत

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत आशाताई घरोघरी जाऊन जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यातल्या गुणांच्या रकान्यापासून सुरुवात करावी लागते, कारण फुप्फुसाचा जुनाट आजार पहिल्यांदा निसटतो तो तिथे. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आजारांचा धोका ओळखण्यासाठी तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा हा फॉर्म भरला जातो. पहिल्या भागात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, शारीरिक श्रम आणि घरातला मधुमेह-रक्तदाब-हृदयविकार यांचे गुण मांडायचे आणि बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीच्या दिवशी आधी बोलवायचं. आता दर्यापूर किंवा तेल्हाऱ्याकडची पंचेचाळिशीतली शेतमजूर बाई डोळ्यांपुढे आणा. वयाचे दोन गुण. तंबाखू नाही, दारू नाही, कंबर 80 सेंटिमीटरच्या आत, श्रम तर दिवसभराचेच, म्हणून त्याचंही शून्य. घरात कुणाला साखरेचा आजार असल्याचं ऐकिवात नाही. बेरीज दोन, म्हणजे धोका कमी. लग्न होऊन आल्यापासून ती पऱ्हाटीच्या चुलीवर भाकर थापते आहे, याला या बेरजेत एकही गुण नाही. धुराची विचारणा तिसऱ्या भागात येते: स्वयंपाकाचं इंधन कोणतं, आणि पालापाचोळा जाळणं, वीटभट्टी किंवा धूर-धुळीच्या कारखान्यात काम आहे का. तिथे खूण करायची सोय आहे, गुण मात्र नाहीत. आणि तपासणीच्या दिवशी कुणाला आधी बोलवायचं हे ठरवताना पाहिली जाते ती पहिल्या भागातली बेरीज.

ज्या आजाराबद्दल बोलतो आहोत त्याला दवाखान्यात सीओपीडी म्हणतात आणि घरात सरसकट दमा म्हणतात. श्वासनलिका आतून सुजून कायमच्या अरुंद होतात, फुप्फुसातले हवेचे फुगे झिजतात, हवा आत जाते पण पुरती बाहेर येत नाही. एकदा गेलेली ताकद परत मिळत नाही. भारतातल्या या आजाराचा राज्यवार अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशातल्या रुग्णांची संख्या 1990 मध्ये 2 कोटी 81 लाख होती, ती 2016 मध्ये 5 कोटी 53 लाखांवर गेली. त्याच अभ्यासातली कारणांची विभागणी आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. या आजाराने होणाऱ्या हानीपैकी 53.7 टक्के वाटा हवेच्या प्रदूषणाचा, आणि त्यात घरातल्या चुलीचा धूरही आला, 25.4 टक्के तंबाखूचा आणि 16.5 टक्के कामाच्या ठिकाणच्या धूर-धुळीचा. बाहेरच्या देशांत तयार झालेल्या बहुतेक प्रश्नावल्यांचा हिशेब मात्र सिगारेटपासून सुरू होतो: दिवसाला किती पाकिटं आणि अशी किती वर्षं. तो हिशेब जशाच्या तसा वऱ्हाडात आणला, तर सर्वांत मोठं कारण प्रश्नांच्या बाहेरच राहतं.

आरोग्याच्या या कामात राहून माझं जे मत बनलं ते असं. जुनाट श्वसनविकार शोधायला प्रश्नावली आपल्याकडे वापरायलाच हवी, कारण दुसरं इतकं स्वस्त आणि गावापर्यंत पोचणारं साधन आपल्याजवळ नाही. पण ती इथल्या धुराची, इथल्या श्रमाची आणि इथल्या हंगामाची असली पाहिजे, आणि ‘हो’ आलेल्या माणसाची फुंक त्याच आठवड्यात मोजली गेली पाहिजे. यातलं काहीच होणार नसेल, तर फॉर्म भरणं म्हणजे लोकांना आशा लावून परत पाठवणं आहे, आणि मग तो भरू नये असंच मी म्हणेन.

प्रश्न इथले असावेत हे काही नवं मागणं नाही. श्वसनविकाराची जगातली पहिली प्रमाणित प्रश्नावली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने 1960 मध्ये प्रसिद्ध केली. लागोपाठ दोन वर्षं, वर्षातले तीन महिने बहुतेक दिवस बेडका पडत असेल तर तो जुनाट ब्राँकायटिस, ही व्याख्या त्याच काळातली. त्या प्रश्नावलीत सकाळी उठल्या-उठल्या, हिवाळ्यात, असं मुद्दाम विचारलेलं होतं. कारण तिथला खोकला हिवाळ्यातल्या धुक्याचा आणि कोळशाच्या धुराचा होता. म्हणजे ते प्रश्नही त्यांच्या मातीतूनच आले होते. आपल्याकडे हाच प्रश्न ‘गेल्या दोन हिवाळ्यांत, कापूस घरात आल्यापासून होळीपर्यंत, रोज सकाळी बेडका पडायचा का’ असा विचारला की उत्तर लगेच येतं. ‘वर्षातून तीन महिने’ असं विचारलं की समोरचा माणूस बोटं मोजत बसतो, आणि शेवटी विचारणाऱ्याचं मन राखायला ‘नाही’ म्हणून मोकळा होतो.

धाप मोजण्याच्या प्रश्नाचं तर त्याहून अवघड आहे. त्याच कौन्सिलच्या मोजपट्टीत सपाटीवर भरभर चालताना किंवा हलकासा चढ चढताना दम लागतो का, अशी पायरी आहे. अकोट, तेल्हारा, दर्यापूर हा सगळा पूर्णेकाठचा सपाट, काळ्या मातीचा, खारपाणपट्ट्याचा मुलूख. तिथे चढ आणायचा कुठून? उलट चिखलदरा-धारणीत चढाशिवाय वाटच नाही, आणि तिथला धडधाकट माणूसही घाटात थांबून श्वास घेतो. शहरातले डॉक्टर जिन्याबद्दल विचारतात. गावातल्या कितीतरी घरांना जिना नसतो. याहून मोठी अडचण म्हणजे धाप लागणारा माणूस हळूहळू आपलं काम कमी करत जातो. मागे कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन शेतातून येणारी बाई आता वेचलेला कापूस धुऱ्यावर ठेवते आणि घरच्यांची वाट पाहते. तिला ओट्यावर बसवून ‘दम लागतो का’ विचारलं, तर ‘नाही’ हे तिचं उत्तर खरंच असतं, कारण दम लागेल असं काम तिने सोडून दिलेलं असतं. तिला वाटतं, वय झालं. म्हणून धापेचा प्रश्न तुलनेचा असावा लागतो: पाच वर्षांपूर्वी जे ओझं उचलत होता ते आज उचलता का, बरोबरीच्या बायांसोबत एका चालीने शेतात पोचता का, विहिरीवरून पाण्याची घागर आणताना मध्ये टेकवावी लागते का. असं विचारलं की उत्तरं बदलतात. फॉर्म भरताना शेजारी कोण बसलं आहे यावरही ती बदलतात. सासू किंवा नवरा जवळ असला की बरीचशी उत्तरं तेच देतात, आणि दुसऱ्याची धाप दुसऱ्याला कमीच वाटते.

आता धूर. सीबॅकमधला प्रश्न इंधनाचा प्रकार विचारतो: लाकूड, पिकाचे अवशेष, गोवऱ्या, कोळसा, रॉकेल, गॅस. 2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून गावोगाव सिलिंडर पोचले, ही मोठी गोष्ट झाली. पण सिलिंडर घरात आला की रकान्यात गॅसवर खूण होते आणि मागची तीस वर्षं पुसली जातात. शिवाय गॅसवर चहा आणि भाजी होते. आंघोळीचं पाणी अंगणातल्या चुलीवरच तापतं, भाकरही बऱ्याच घरी तिथेच होते, आणि सिलिंडर संपला की पुढचा येईपर्यंत सगळंच पुन्हा चुलीवर. पऱ्हाटी आणि तुरीच्या काड्या शेतातूनच मिळतात, त्यांना पैसे पडत नाहीत. पण ही इंधनं भरकन जळून जातात, त्यामुळे सारखं सारायला, फुंकणीने फुंकायला बाईला चुलीपुढून हलता येत नाही. आपल्याला मोजायची आहे ती ही बैठक: दिवसाचे तास गुणिले वर्षं. भारतात हा हिशेब पूर्वीच मांडला गेला आहे. म्हैसूर भागातल्या ग्रामीण स्त्रियांवरच्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा गुणाकार 60 वर गेला की जुनाट ब्राँकायटिसचा धोका ठळकपणे वाढलेला दिसला. रोज तीन तास आणि वीस वर्षं, झाले साठ. पंचेचाळिशीच्या ज्या बाईला सीबॅकच्या बेरजेत दोन गुण मिळाले, ती हा आकडा बहुधा चाळिशीच्या आतच ओलांडून गेलेली असते. एक गुणाकार फॉर्ममध्ये घालायला फार जागा लागत नाही.

तंबाखूच्या प्रश्नात उलटी गडबड आहे. बिडी आणि गुटखा-खैनी यांना सीबॅक एकाच ओळीत विचारतो आणि सारखेच गुण देतो. तोंडाचा कर्करोग आणि हृदयविकार यांच्यासाठी ते ठीक आहे. पण वऱ्हाडात खर्रा खाणारे चौकाचौकात आहेत, आणि खर्ऱ्याने तोंड जळतं, धापेचा हा आजार त्यातून येत नाही. फुप्फुसाच्या दृष्टीने या एका ओळीतून धोक्याचा माणूस आणि बिनधोक माणूस एकाच पारड्यात बसतात. बिडी वेगळी विचारावी, एवढी साधी दुरुस्ती इथे पुरेशी आहे.

कामाच्या धुळीबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे, कारण चांगला प्रश्न काय करू शकतो याचं जगातलं उत्तम उदाहरण कापसाचंच आहे. 1950 च्या दशकात लँकेशायरच्या सूतगिरण्यांत शिलिंग या डॉक्टरांनी कामगारांना विचारलं, की आठवड्याची सुट्टी संपवून पहिल्या दिवशी कामावर आलं की छाती आवळते का? नुसती पहिल्या दिवशी, की आठवडाभर? या दोन प्रश्नांवर त्यांनी बिसिनोसिसच्या, म्हणजे कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या रोगाच्या, पायऱ्या ठरवल्या, आणि यंत्राने लवकर न दिसणारा आजार कामगाराच्या उत्तरातून दिसू लागला. आपल्याकडेही हा रोग कायद्याने नोंदवाव्या लागणाऱ्या रोगांच्या यादीत आहे. अकोला, अकोट, अमरावती, दर्यापूर या पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंग आहेत. अकोल्यात डाळ मिलची मोठी वस्ती आहे, तिथे टरफल आणि चुनीची भुकटी हवेत तरंगत असते. पण जिनिंगचं काम दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी ओसरतं, मजूर हंगामी असतात, आणि हंगाम संपला की तीच माणसं हरभरा-गहू काढायला, थ्रेशरवर कुटाराच्या धुळीत जातात. त्यांना सोमवारचा प्रश्न विचारून उपयोग नाही. विचारायला हवं ते असं: जिनिंग सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात छाती आवळली होती का, आणि हंगाम संपल्यावर मोकळी झाली का, की आता बाराही महिने तशीच राहते? सीबॅकमध्ये वीटभट्टी आणि काचेच्या कारखान्याचं नाव उदाहरणादाखल आहे. इथल्या फॉर्ममध्ये जिनिंग, डाळ मिल, थ्रेशर आणि उन्हाळ्यात पेटवले जाणारे धुरे, ही नावं यावीत.

एवढं करूनही प्रश्नावली चुकणारच, आणि किती चुकते हे लपवू नये. समजा चाळिशीवरची 1000 माणसं आहेत आणि त्यांतल्या 70 जणांना खरोखर आजार आहे. हे आकडे केवळ हिशेबासाठी धरले आहेत. प्रश्नावली आजाऱ्यांपैकी 70 टक्के पकडते आणि निरोग्यांपैकी 75 टक्क्यांना योग्य रीतीने सोडते, असं धरू. तर 49 आजारी सापडतील, 21 सुटतील, आणि त्यांच्याबरोबर 232 निरोगी माणसंही ‘संशयित’ ठरतील. सहांत एकच खरा. एवढ्या सगळ्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवणं शक्य नाही आणि योग्यही नाही. इथे फुंकीचा जोर मोजणारा पीक फ्लो मीटर कामाला येतो. प्लॅस्टिकची नळी, आत सरकणारा काटा, वीज लागत नाही, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी तो सहज वापरू शकतात. या फुंकीने 49 पैकी 80 टक्के राखले आणि 232 पैकी तीन चतुर्थांश बाजूला काढले, तर नेमकं निदान करणाऱ्या स्पायरोमेट्रीच्या तपासणीसाठी 97 माणसं उरतात आणि त्यांत 39 खरी आजारी असतात. पाचांत दोन. ज्या बाईचा दिवसाचा रोज बुडणार आहे, तिला ‘जा’ म्हणायला एवढा आधार तरी हवा. अमेरिकेत बनलेल्या कॅप्चर या पाच प्रश्नांच्या साधनात हीच जोडी आहे. मधल्या गुणांच्या माणसाला फुंकायला लावतात आणि पुरुषाची फुंक मिनिटाला 350 लिटरच्या खाली, बाईची 250 च्या खाली गेली की पुढे पाठवतात. मात्र हे उंबरठे तिथल्या उंचीच्या माणसांचे आहेत. आपल्याकडच्या ठेंगण्या बाया निरोगी असूनही कमी फुंकतात, म्हणून उंची आणि वयाचा तक्ता भिंतीवर लावूनच हे करावं.

प्रश्नावलीने असा शोध घेण्यावरचा पहिला आक्षेप बाहेरून येतो आणि तो वजनदार आहे. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने 2016 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये सांगितलं, की लक्षणं नसलेल्या प्रौढांत सीओपीडीची चाळणी करू नये. मग आपण का करावी? तो निर्णय लक्षणं नसलेल्यांबद्दल आहे. आपण ज्यांच्याबद्दल बोलतो आहोत त्यांना लक्षणं आहेत. ती कुणी नीट विचारलेली नाहीत, एवढंच. दुसरा आक्षेप असा, की ही साधनं अर्धेअधिक रुग्ण गमावतात. खरं आहे. कॅप्चरची अमेरिकेतल्या दवाखान्यांत मोठी पारख झाली, 2023 मध्ये निकाल आले, आणि त्याने उपचाराची गरज असलेल्या रुग्णांपैकी 48 टक्केच पकडले. पण नेपाळमधलं भक्तपूर, पेरूतलं लिमा आणि युगांडातलं नाकासेके इथल्या 10,709 प्रौढांवर तीन साधनांची पारख 2022 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्याकडेही पाहा. शून्य पूर्णांक पाच म्हणजे नाणेफेक आणि एक म्हणजे अचूक, अशा मोजपट्टीवर ही साधनं 0.72 ते 0.79 च्या दरम्यान उतरली. मध्यमच. पण तिथे सापडलेल्या रुग्णांपैकी 95 टक्क्यांहून जास्त जणांना आपल्याला हा आजार आहे हे आधी कुणीच सांगितलेलं नव्हतं. जिथे जवळजवळ सगळेच अंधारात आहेत, तिथे निम्म्यांना शोधणारं साधन टाकाऊ ठरत नाही. अट एकच: ‘नाही’ आलेल्या माणसाला ‘तुम्हाला काही नाही’ असं ठामपणे सांगू नये, धाप वाढली तर परत या असंच सांगावं.

तिसरा आक्षेप डॉक्टरांकडूनच येतो: शोधून उपयोग काय, आजार बरा तर होत नाही. याला आता चांगलं उत्तर आहे. कॅनडात 38 हजारांहून जास्त माणसांना फोनवरून लक्षणांचे प्रश्न विचारले, संशयितांची स्पायरोमेट्री केली आणि निदान न झालेले दमा व सीओपीडीचे 595 रुग्ण शोधले. त्यांतल्या 508 जणांचे दोन गट पाडले; एका गटाला श्वसनविकारतज्ज्ञ आणि प्रशिक्षित आरोग्यशिक्षकाकडून उपचार, दुसऱ्याला नेहमीच्या डॉक्टरकडून. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार श्वसनाच्या तक्रारीसाठी दवाखाना गाठण्याचं प्रमाण पहिल्या गटात माणशी वर्षाला 0.53 आणि दुसऱ्यात 1.12 होतं. निम्म्याहून कमी. म्हणजे प्रश्नांनी शोधलेला माणूसही उपचाराने सावरतो, पण मागे उपचार करणारा उभा असेल तरच.

आणि आपली खरी कसोटी तिथेच लागते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला म्हटलं की आपली यंत्रणा थुंकी तपासते, आणि ते अगदी बरोबर आहे. क्षयरोग आधी वगळलाच पाहिजे. पण थुंकीत काही निघालं नाही की नोंद तिथेच संपते. रुग्णाला ‘टीबी नाही’ हे कळतं, आणि काय आहे ते कळत नाही. माझ्या मते वऱ्हाडात सीओपीडी शोधायची सर्वांत सोपी जागा ही निगेटिव्ह रुग्णांची यादी आहे. त्यासाठी नवा फॉर्मही लागत नाही. क्षयरोगाचा निकाल देतानाच पीक फ्लो मीटर हातात द्यावा आणि चुलीचे तास-वर्षं विचारावीत.

आशाताईंवर आणखी एक ओझं, हा आक्षेप मला सर्वांत जास्त पटतो. लसीकरण, गरोदर बाया, सर्वेक्षणं, मोबाइलवरच्या नोंदी, हे सगळं त्या मोबदल्याच्या हिशेबावर करतात. म्हणून प्रश्न वाढवू नयेत, बदलावेत. आणि लोकांनी दिलेल्या उत्तरातून पुढे काहीतरी घडताना आशाताईंना दिसावं. तीन वर्षं ‘हो’ लिहून कुणालाच बोलावणं आलं नाही, तर चौथ्या वर्षी कुणीही ती ओळ मनापासून विचारणार नाही.

स्पायरोमेट्रीसुद्धा यंत्र आणून टेबलावर ठेवलं की होत नाही. नाकाला चिमटा, ओठ नळीभोवती घट्ट, पूर्ण श्वास घेऊन एकदम जोरात फुंकायचं आणि आत काही उरलं नाही असं वाटेपर्यंत, साधारण सहा सेकंद, फुंकतच राहायचं. सत्तरीतला माणूस दोन सेकंदांत थांबतो, खोकतो, ओशाळतो. तीन चांगल्या फुंकी मिळवायला अर्धा तास लागू शकतो, आणि समोर उभं राहून ‘फुंका, फुंका, अजून फुंका’ म्हणणारा तंत्रज्ञ धीराचा लागतो. औषध देऊन पुन्हा फुंकवायचं असतं, तेव्हाच पहिल्या सेकंदाची हवा आणि एकूण हवा यांचं प्रमाण 0.70 च्या खाली राहतं का ते कळतं. हे अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये किंवा अमरावतीच्या इर्विनमध्ये होऊ शकतं. पण धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये घाट. त्यामुळे अचलपूर, धारणी, मूर्तिजापूर इथल्या उपजिल्हा रुग्णालयांत एक यंत्र आणि एक शिकलेला माणूस असल्याशिवाय गावातली प्रश्नावली अर्धवटच राहील. इनहेलरचंही तसंच. ‘पंप लागला म्हणजे सवय लागली’ ही भीती घराघरांत आहे, आणि औषधच दर महिन्याला मिळालं नाही तर ती भीती घालवायला तोंड उघडायचं कोणत्या बळावर? पंप नसला की माणूस पुन्हा इंजेक्शन आणि स्टिरॉइडच्या गोळ्यांकडेच जातो.

या तपासणीसाठी आणि औषधासाठी एक वार ठरवावा, आणि तो तालुक्याच्या आठवडी बाजाराचा असावा. बाजाराला माणसं येतातच, एसटीचं भाडं वेगळं पडत नाही, आणि त्या दिवशी बरेचदा कामालाही सुट्टी असते. उपकेंद्रातून पीक फ्लो कमी आलेल्यांना त्या दिवशीची चिठ्ठी द्यावी, स्पायरोमेट्री आणि महिन्याचा पंप एकाच खिडकीवर मिळावा, आणि संध्याकाळी कोण आलं, कोण नाही याची यादी आशाताईंच्या मोबाइलवर परत जावी. जिनिंगचा हंगाम आणि हिवाळा एकत्र येतात तेव्हापासून, म्हणजे नोव्हेंबरपासून, हे सुरू करता येईल.